सफरचंद बेलानं खाल्लं, किंमत भलत्यांनीच मोजली

'ट्वायलाईट' वाचलंय का, असं विचारलं की माणसं हो-नाही म्हणण्याआधी खुलासाच द्यायला लागतात. "वाचलंय, पण तेव्हा मी कॉलेजात होते." "मैत्रिणीनं गळ्यात मारलं म्हणून वाचलं." "पहिलंच वाचलं गं, पुढचं नाही झेपलं." आणि ही तिसरी बाई बोलता बोलता चौथ्या भागातल्या बाळाचं नाव न अडखळता सांगून जाते. त्या बाळाचं नाव रेनेस्मे आहे. चौथा भाग वाचल्याशिवाय ते कुणाच्या तोंडात बसायचं नाही. जगभरात दहा कोटींच्या वर प्रती खपलेल्या कादंबरीमालिकेची ही गत. एवढ्या प्रती कुणीतरी घेतल्या, उशाशी ठेवल्या, उजाडेपर्यंत वाचल्या. आता शोधायला गेलं तर सगळे चुकून वाचलेलेच सापडतात.

उलट ज्यांचा या पुस्तकांवर जीव आहे, त्यांच्यासमोर ब्र काढायची सोय नाही. मी मधल्यांपैकी, त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाते. पहिलं पुस्तक मला आवडतं. चांगलं आहे असंही मी म्हणते, आणि 'गिल्टी प्लेझर' वगैरे पळवाटा काढत नाही. चौथ्याचा मात्र मला राग येतो. हा राग नेमका कशाचा, हे पुष्कळ दिवस कळत नव्हतं, कारण लोक ज्यावरून भांडतात त्या कुठल्याच मुद्द्यात तो बसत नव्हता.

गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सतरा वर्षांची बेला स्वान, आईनं दुसरं लग्न केल्यावर, उन्हातलं फिनिक्स सोडून वडिलांकडे फोर्क्सला येते. फोर्क्स हे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं लाकूडतोड्यांचं गाव, वर्षातले बहुतेक दिवस पावसात. तिथं वर्गात एडवर्ड कलन भेटतो. देखणा, फटकून वागणारा, दिसायला सतराचा. जन्म १९०१ चा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरणाच्या दारात असताना कार्लाईल नावाच्या डॉक्टरनं त्याला आपल्यासारखा व्हँपायर करून घेतला. हे कुटुंब माणसाच्या रक्ताला शिवत नाही, जनावरांवर भागवतं. बेलाच्या रक्ताचा वास मात्र त्याला वेडा करतो, आणि जीव जडतो तोही तिच्यावरच. पुढे जेकब येतो, जो लांडगा होतो. २००५ ते २००८ या काळात चार भाग, आणि २००८ ते २०१२ मध्ये पाच सिनेमे.

लेखिका स्टेफनी मेयर. ॲरिझोनात राहणारी, तीन लहान मुलग्यांची आई, आधी एकही पुस्तक नावावर नाही. २ जून २००३ च्या पहाटे पडलेल्या स्वप्नातून हे सगळं सुरू झालं, असं तिनंच सांगितलंय. रानातल्या एका मोकळ्या माळावर एक साधी मुलगी आणि एक लखलखणारा व्हँपायर बोलत बसलेत. दोघं प्रेमात आहेत, आणि तो तिला सांगतोय की तुला मारून टाकायचा मोह मला आवरत नाहीये. मुलांच्या पोहण्याच्या क्लासची गडबड होती, तरी तिनं त्याच दिवशी ते लिहून काढलं. पुढे काय झालं हे लिहीत शेवटापर्यंत गेली, मग मागे येऊन सुरुवात लिहिली. तीन महिन्यांत पुस्तक हातावेगळं. स्वप्नातला तो प्रसंग छापील पुस्तकात तेराव्या प्रकरणात आहे.

म्हणजे या पुस्तकाचं बी एका पेचात आहे. हवंय तेच जिवावर उठणारं आहे. फोर्क्स, शाळा, लांडगे ही सगळी मांडणी या पेचाभोवती नंतर झाली. पहिल्या पुस्तकाची पकड आहे ती यामुळेच, असं माझं ठाम मत आहे.

जीवशास्त्राच्या तासाचा पहिला प्रसंगच बघा. बेला नवीन. वर्गात एकच जागा रिकामी, एडवर्डच्या शेजारची. ती त्याच्याजवळून जाते आणि तो एकदम ताठरतो. तिच्याकडे बघतो ते डोळे काळे, आणि नजर चक्क वैऱ्याची. ती बसते तर हा अंग चोरून बाकाच्या पार टोकाला सरकतो, घाण वास यावा तसं तोंड फिरवतो. बिचारी हळूच स्वतःचे केस हुंगून बघते. केसांना शाम्पूचा वास, स्ट्रॉबेरीचा. मग ती केस खांद्यावरून पुढे ओढून दोघांच्यात पडदा करते. त्याची डावी मूठ मांडीवर वळलेली आहे, शिरा ताणलेल्या, आणि अख्खा तास ती सुटत नाही. घंटा होते न होते तोच हा उठून दाराबाहेर. सिनेमात हे दाखवायला एक पंखा ठेवला, तिच्यावरून वारा जातो आणि कागद फडफडतात. पुस्तकाला पंखा लागत नाही.

नवीन वर्गात आपल्या शेजारच्यानं नाक मुरडलं, तर आपल्या अंगाला वास येतोय की काय, ही शंका ज्या वयात पहिली येते, त्या वयाचं हे लेखन आहे. बेलाला वाटतं आपल्यात काहीतरी खोट आहे. खरी गोष्ट उलटीच, तिच्यासारखं हवंहवंसं त्याला शंभर वर्षांत काही भेटलेलं नाही. हा पालट किती मोहाचा आहे, हे सोळा-सतराव्या वर्षी स्वतःचे केस कधीच न हुंगलेल्या माणसाला समजावून सांगता येत नाही. मी प्रयत्न सोडून दिलाय.

आता नावं ठेवणाऱ्यांकडे येऊ. त्यांच्यात तट आहेत आणि ते एकमेकांना मुळीच ओळखत नाहीत.

सगळ्यात जोरात ओरडतो तो 'चमचम' तट. मेयरचे व्हँपायर उन्हात जळत नाहीत, हिऱ्यासारखे चमकतात. एका मित्राशी माझा या विषयावर दरवेळी वाद होतो. तो एरवी मोठा समंजस माणूस आहे, पण हे निघालं की, "खरा व्हँपायर उन्हात मरतो, एवढं साधं तरी पाळायचं ना!" खरा व्हँपायर! ब्रॅम स्टोकरचा १८९७ मधला ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर भरदिवसा हिंडतो, दिवसा त्याची शक्ती कमी असते इतकंच. उन्हानं व्हँपायर मरतो हे रूढ झालं १९२२ च्या 'नॉस्फेराटू' या मूकपटापासून. म्हणजे हा अनादी नियम एका सिनेमाच्या शेवटातून आलेला आहे. देखणा, घरंदाज, बायकांना भुलवणारा व्हँपायर मात्र त्याच्याही आधीचा. इंग्रज कवी बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी यानं १८१९ मध्येच तो उभा केला होता. आपल्याकडे नारायण धारपांच्या 'लुचाई'नं रक्तपिपासूची जी भीती अनेकांच्या मनात कायमची बसवली, तिचं मूळ स्टीफन किंगच्या कादंबरीत आहे, आणि तिथं प्रेमाबिमाची भानगड नाही. त्या घराण्याचं वाचून आलेल्याला एडवर्ड पुळचट वाटणार, हे मी समजू शकते. पण ती आवड झाली. तिला नियमाचा आव कशाला?

किंगचं नाव निघालंच आहे, तर दुसरा तट त्याचाच. २००९ मध्ये त्यानं एका मुलाखतीत 'हॅरी पॉटर'वाली रोलिंग आणि मेयर यांची तुलना केली, आणि मेयरला काही धड लिहिता येत नाही असं सरळ म्हणून टाकलं. त्याच मुलाखतीत त्यानं हेही ओळखलं होतं की ही पुस्तकं मुलींना प्रेम आणि शरीर या विषयाकडे भीती न घालता घेऊन जातात. ते वाक्य कुणी लक्षात ठेवलं नाही. भाषेबद्दलची तक्रार खोटी नाहीच. एडवर्ड किती सुंदर आहे हे पानोपानी येतं, 'संगमरवरी' हा शब्द तर वाचताना दगडासारखा पायात येत राहतो. पण भाषेच्या बाबतीत मेयरला पूर्ण नापास करणाऱ्यांनी दुसरा भाग, 'न्यू मून', उघडून बघावा. एडवर्ड बेलाला सोडून जातो. त्यानंतर पानावर फक्त 'ऑक्टोबर' एवढाच शब्द, बाकी कोरं. मग 'नोव्हेंबर'. मग 'डिसेंबर', 'जानेवारी'. हा कुणाला बालिश खेळ वाटतो. मला अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात नेमकं लेखन तेच वाटतं. शब्दबंबाळ म्हणून बदनाम झालेली बाई ऐन दुःखात गप्प बसली.

तिसरा तट धर्मरक्षकांचा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी एक यादी काढते, कोणती पुस्तकं वाचनालयातून काढा म्हणून सर्वाधिक तक्रारी आल्या त्यांची. २००९ च्या यादीत ही मालिका पाचव्या नंबरावर होती, आणि कारणांमध्ये लैंगिक वर्णनंही होती. यावर हसावं की रडावं कळत नाही, कारण पहिल्या तीन भागांत चुंबनापलीकडे काही घडत नाही. बेला मागे लागते आणि एडवर्ड लग्नाशिवाय नाही म्हणून अडून बसतो. लेखिका मॉर्मन पंथाची आहे आणि ते पुस्तकाच्या वळणात जागोजागी दिसतं. त्याच पुस्तकाला स्त्रीवादी वाचक बुरसटलेलं म्हणतात आणि सनातनी अश्लील म्हणतात. दोघांनी एकत्र बसून एकदा ठरवून घ्यायला हवं होतं.

चौथा तट मी हसण्यावारी नेत नाही. एडवर्ड बेलाच्या नकळत रात्री खिडकीतून तिच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. तिसऱ्या भागात, 'एक्लिप्स'मध्ये, ती जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून तिच्या गाडीच्या इंजिनातला भाग काढून ठेवतो. बहिणीला, ॲलिसला, पिवळी पोर्शे देतो, कशासाठी तर तो शिकारीला गेला असताना तिनं बेलाला नजरेआड होऊ देऊ नये. हे सगळं 'काळजी' या नावाखाली. हे लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या बायका बरोबर आहेत आणि त्यांचं म्हणणं दोन-चार उदाहरणांत उडवून लावण्यासारखं नाही.

तरीही एक गंमत सांगते. माझ्या भाचीनं ही पुस्तकं हल्लीच वाचली, बेलाच्याच वयात. मी मोठेपणाचा सूर लावून तिला गाडीच्या इंजिनाचं विचारलं. म्हणाली, "मावशी, ते वाचून मला एवढा राग आला ना, पुस्तक बंद करून ठेवलं. पण तो रात्रभर जागा राहून तिच्याकडे बघतो ते मला आवडलं." मी म्हटलं, अगं, पण न विचारता घरात शिरणं ते. "ते कळतं गं मला. माझ्या खोलीत कुणी असं आलं तर मी किंचाळीन. पण हे पुस्तक आहे ना?" आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू पुस्तक आणि खिडकी यांतला फरक मलाच कळत नसावा. मुलींच्या डोक्यात हे विष भिनेल म्हणून कळवळणाऱ्या मोठ्या माणसांत मीही होते. यातल्या बहुतेकांनी मुलींना नक्की काय कळतं हे विचारायचे कष्ट घेतलेले नसतात. सगळ्याच मुली माझ्या भाचीएवढ्या खमक्या असतील असं मात्र नाही, तेवढी शंका मी राखून ठेवते.

आणि या तटाशी माझी एक तक्रारही आहे. सगळा रोख एडवर्डवर ठेवून त्यांनी जेकबला फुकट सोडला. 'टीम एडवर्ड' आणि 'टीम जेकब' अशा फळ्या पडल्या, तेव्हा जेकब म्हणजे मोकळा, उबदार, जमिनीवरचा मुलगा असं धरूनच चाललं. 'एक्लिप्स'मध्ये तो बेलाची इच्छा नसताना तिचं चुंबन घेतो. ती त्याला ठोसा मारते आणि तिचाच हात मोडतो, कारण लांडगा झालेल्याचं अंग तसं घट्ट. घरी आल्यावर काय झालं हे कळतं तेव्हा तिचा बाप, गावचा पोलीस प्रमुख, जेकबला म्हणतो, शाब्बास पोरा. मी थबकले होते इथं. चार्ली हे या मालिकेतलं सगळ्यात प्रेमळ माणूस आहे, मासे पकडणारा, मितभाषी, मुलीच्या गाडीला न सांगता बर्फासाठी साखळ्या लावून ठेवणारा. वय वाढलं की वाचक एडवर्डवरून चार्लीवर येतात असं मी पुष्कळदा पाहिलंय, मीही आलेय. आणि त्या चार्लीच्या तोंडी हे. एडवर्डच्या पोर्शेवर जेवढी शाई सांडली, त्याच्या चतुर्थांशही या एका वाक्यावर सांडलेली मी पाहिली नाही.

हे सगळे आक्षेप मान्य करूनही माझा चौथ्या भागावरचा राग उरतोच. त्याचं कारण मला सापडलं ते पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर. मुखपृष्ठावर दोन गोऱ्या हातांत धरलेलं लाल सफरचंद आहे, आणि आत बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातलं वचन: बऱ्यावाईटाच्या ज्ञानाच्या झाडाचं फळ खायचं नाही, ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील. लेखिकेनं स्वतः दारावर टांगलेली ही अट आहे. खा, पण मरावं लागेल. पहिलं पुस्तक या अटीला जागतं. तिथं प्रत्येक स्पर्शात मरण आहे, आणि बेला ते जाणून पुढे जाते. 'न्यू मून'ही जागतं, त्या कोऱ्या पानांसकट.

'एक्लिप्स'मध्ये तर या अटीला तोंड फुटतं. रोझली ही एडवर्डची मानलेली बहीण, आतापर्यंत नुसती गर्विष्ठ आणि खाष्ट वाटलेली. 'न्यू मून'च्या शेवटी बेलाला व्हँपायर करायचं का यावर घरात मतदान होतं, तेव्हाही ती 'नाही' म्हणते. एका रात्री ती बेलापाशी येऊन बसते आणि का नाही म्हटलं ते सांगते. १९३३ मध्ये तिचं लग्न ठरलं होतं, गावातल्या सगळ्यात श्रीमंत घरात. होणाऱ्या नवऱ्यानं आणि त्याच्या दारुड्या मित्रांनी तिच्यावर अत्याचार करून तिला रस्त्यात टाकून दिलं. कार्लाईलनं तिला 'वाचवलं'. त्या रात्री ती आपल्या मैत्रिणीच्या, व्हेराच्या, घरून परत निघाली होती. व्हेराचा नवरा साधा सुतार, घर लहान, पण मांडीवर गालांना खळ्या पडणारं बाळ. अमर झालेली, जगातली सगळ्यात सुंदर बाई सत्तर वर्षं झाली तरी त्या खळ्या विसरलेली नाही. ती बेलाला म्हणते, तुझ्यासमोर सगळं वाढून ठेवलंय आणि तू चुकीचं निवडते आहेस.

हे प्रकरण मी परत परत वाचते. चमचमीवर आणि संगमरवरावर बोलणाऱ्या कितीजणांनी ते वाचलंय कोण जाणे. सगळ्या मालिकेवर बाहेरून झालेली टीका एकीकडे आणि आतून रोझलीनं केलेली ही टीका एकीकडे. ही बाई कथेतल्या कथेत उठून सांगतेय की फळ गोड आहे, पण बिल येतं.

आणि मग 'ब्रेकिंग डॉन' ते बिल फाडून टाकतं. बेला खाते आणि तिला सगळं मिळतं. लग्न, बेटावरचा मधुचंद्र. व्हँपायर बायकांना मूल होत नाही म्हणून रोझली झुरतेय, तर बेलाला माणूस असतानाच मूल होतं. बाळंतपण भयानक आहे, मान्य, पोटातून बाळ तिच्या बरगड्या मोडतं. पण ते संपताच ती व्हँपायर होते आणि उठते ती देखणी, बलवान. नव्या व्हँपायरला वर्षभर रक्ताची तहान आवरत नाही असं आधीच्या भागांत बजावून सांगितलेलं, हिला ती जवळपास पहिल्याच दिवशी आवरते. आईवडिलांना कायमचं सोडावं लागेल ही जी टांगती तलवार तीन पुस्तकं डोक्यावर होती, तीही म्यान. चार्लीला अर्धवट काहीतरी सांगितलं जातं आणि तो नातीला खेळवायला येतो. जेकबचं काय, तर तो त्या नुकत्याच जन्मलेल्या बाळाशी नियतीनं 'जोडला' जातो, म्हणजे तीच त्याची जन्माची जोडीदार ठरते. यावर मी काही बोलत नाही, भक्तसुद्धा या पानाशी मान खाली घालतात. शेवटी इटलीतून शत्रू चालून येतात, बर्फात समोरासमोर उभे राहतात, बोलणी होतात आणि परत जातात.

सिनेमावाल्यांना हे पडद्यावर कसं चालावं! त्यांनी त्या बर्फात घनघोर लढाई घातली, लाडक्या पात्रांची मुंडकी उडवली, आणि मग सांगितलं की हे ॲलिसला दिसलेलं भविष्य होतं, घडलं नाही. किंमत दाखवायची, पण घ्यायची नाही. पुस्तकाशी यापेक्षा इमानी राहता आलं नसतं.

बिल फाडलं म्हणून ते मिटत नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर जातं. या मालिकेत ते लीआ क्लिअरवॉटरच्या टेबलावर गेलंय. जेकबच्या लांडग्यांच्या टोळीतल्या सॅमची ती प्रेयसी. सॅम लांडगा झाला आणि लीआच्याच नात्यातल्या बहिणीशी, एमिलीशी, त्याच्या मनाविरुद्ध 'जोडला' गेला. त्याच एमिलीच्या चेहऱ्यावर त्याच्या एका रागाच्या झटक्याचे पंजाचे वण आहेत, आणि ते दोघांचं प्रेम किती गाढ याची खूण म्हणून आपल्यासमोर येतात, हेही जाता जाता सांगते. मग लीआ स्वतः लांडगा झाली, टोळीतली एकटी बाई. या लांडग्यांना एकमेकांच्या मनातलं सगळं ऐकू येतं. म्हणजे सॅम एमिलीचा विचार करतो तो लीआला ऐकावा लागतो, आणि तिची जळफळ सॅमसकट सगळ्या टोळीला ऐकू जाते. वर त्या लग्नात तिनं करवली व्हायचं. मूल होण्याची आशा संपली असं तिला वाटतं. बाप गेलेला. आणि या बाईला पुस्तकातली पात्रं 'कडवट' म्हणतात, तिच्याबरोबर राहणं किती त्रासाचं आहे म्हणून कुरकुरतात. शेवटच्या पानांवर सगळ्यांच्या जोड्या लागतात. लीआला काही मिळत नाही, आणि मिळालं नाही याची लेखिकेला आठवणही राहत नाही.

पुस्तकाबाहेरही एक टेबल आहे. जेकबची टोळी क्विल्यूट जमातीची दाखवली आहे, आणि क्विल्यूट ही खरीखुरी जमात आहे. फोर्क्सपासून जवळ, समुद्रकाठी ला पुश इथं राहणारी. आपण लांडग्यांपासून आलो ही त्यांची स्वतःची जुनी कथा आहे. क्वाटी नावाच्या रूपांतर करणाऱ्यानं लांडग्यांची माणसं केली, अशी ती कथा. पण थंड रक्ताच्या शत्रूंशी वैर, माणसाचा लांडगा होणं, 'जोडलं' जाणं हे सगळं मेयरचं. सिनेमे आले आणि त्यांच्या नावाचे दागिने, कपडे, काय काय विकलं गेलं. सिॲटलच्या बर्क म्युझियमला जमातीच्या मदतीनं खरं काय आणि कादंबरीतलं काय हे वेगळं करून सांगायचं काम हाती घ्यावं लागलं. त्याच काळात ही जमात एका फार साध्या गोष्टीसाठी धडपडत होती. गाव समुद्रसपाटीला, त्सुनामीच्या तोंडावर, आणि उंचावरची जमीन राष्ट्रीय उद्यानाची. ती थोडी जमीन मिळावी म्हणून अमेरिकेच्या संसदेला कायदा करावा लागला, तो २०१२ मध्ये झाला. शेवटचा सिनेमा आला तेच हे वर्ष. चाहत्यांपैकी कित्येकांनी या लोकांची खरी माहिती मुद्दाम मिळवली, मदतही केली, तेव्हा सगळा दोष वाचकांच्या माथी मारणं बरं नव्हे. पण लांडगा उसना घेताना त्या घरात कोण राहतं हे विचारायचं काम आधी लिहिणारीचं होतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं त्या पुस्तकाकडे येते. पहिल्या भागाला दहा वर्षं झाली तेव्हा, २०१५ मध्ये, मेयरनं 'लाईफ अँड डेथ' लिहिलं. बेला फार परावलंबी, सारखी वाचवावी लागणारी मुलगी आहे, या टीकेला उत्तर म्हणून तिनं तीच गोष्ट मुलगा-मुलगी बदलून लिहिली. बेलाचा झाला बो, एडवर्डची झाली ईडिथ. मुलगाही माणूसच, व्हँपायरपुढे तोही तेवढाच दुबळा, हे तिला दाखवायचं होतं. पात्रं सगळी उलटली, फक्त चार्ली आणि रेने, आईवडील, जसेच्या तसे राहिले. कारण बेलाचा जन्म १९८७ चा, आणि त्या काळात लहान मुलाचा ताबा बापाला सहसा मिळत नसे, म्हणून आई ही आईच राहायला हवी. लेखिका काही बाबतीत एवढी चोख आहे.

पुष्कळ वाचक या पुस्तकावर नाराज झाले. हवं होतं 'मिडनाईट सन', म्हणजे एडवर्डच्या तोंडून सांगितलेली गोष्ट, जिचा अर्धाकच्चा खर्डा २००८ मध्येच बाहेर फुटला होता आणि जी शेवटी २०२० मध्ये आली. त्याऐवजी हातात पडलं नावं बदललेलं जुनंच पुस्तक. माझ्या एका मैत्रिणीनं पन्नास पानांत सोडलं आणि म्हणाली, "हिनं नुसतं 'फाइंड अँड रिप्लेस' केलंय." तिनं शेवट वाचला नाही. बहुतेकांनी नाही वाचला.

शेवट वेगळा आहे. 'ट्वायलाईट'मध्ये बेलाला चावा बसतो तेव्हा एडवर्ड विष शोषून काढतो आणि ती माणूसच राहते, पुढची तीन पुस्तकं लिहायला. बोच्या बाबतीत तोवर उशीर झालेला असतो. तो व्हँपायर होतो, तिथंच, पहिल्याच भागात. आणि मग बिल येतं. कलन कुटुंब गाडीच्या अपघाताचा बनाव रचतं. चार्लीला आणि रेनेला सांगितलं जातं की तुमचा मुलगा गेला. बो ईडिथबरोबर दूर एका झाडावर बसून स्वतःची मयत बघतो. नव्या, तीक्ष्ण डोळ्यांनी त्याला तिथून सगळं दिसतं, आईबापाचे चेहरे दिसतात, आणि खाली उतरून जाता येत नाही. कधीच जाता येणार नाही. अर्धवट सत्य नाही, नातीला खेळवणं नाही. ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील.

म्हणजे मेयरला हे लिहिता येत होतं. आपण दारावर काय टांगलंय हे तिला पुरतं माहीत होतं, आणि तिच्या हातात ते बळही होतं. गोष्ट पहिल्याच भागात संपली असती तर अशी संपली असती, असं तिनं म्हटलंय. ते मला पटतं, आणि त्यानं माझा राग कमी होण्याऐवजी वाढतो. कारण मग बेलाच्या वेळी काय झालं? तिच्या बाजूनं मी माझ्या मित्राशी, मैत्रिणींशी, स्वतःशी इतकी भांडले की ती बावळट नाही, जाणून-उमजून मरणाकडे चालत जाणारी मुलगी आहे. आणि तिच्या लेखिकेनंच ऐनवेळी तिला मरणातून, विरहातून, आईबापाच्या दुःखातून, सगळ्यातून उचलून कडेवर घेतली. बो-ला तिनं चालू दिलं.